हिवतापाच्या रुग्णाचा रक्त-अहवाल पांढऱ्या पेशींच्या अंगाने कसा वाचावा

पावसाळ्याच्या दिवसांत थंडी वाजून ताप आलेल्या माणसाच्या घरी प्रयोगशाळेतून बहुधा दोन कागद येतात. एकावर सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची संपूर्ण मोजणी असते. दुसऱ्यावर ‘एमपी’ची, म्हणजे हिवतापाचे परजीवी काचपट्टीवर दिसले की नाही याची नोंद असते. घरातल्या मंडळींची नजर प्रथम प्लेटलेटच्या आकड्यावर जाते आणि ते साहजिक आहे. मात्र त्याच कागदावर पांढऱ्या पेशींच्या पाचसहा ओळी असतात, आणि शरीराने परजीवीशी चालवलेल्या झुंजीची खरी नोंद त्या ओळींत असते. त्या कशा वाचाव्यात आणि त्यांच्यावर कुठे विसंबू नये, हे नातेवाईक, आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचे विद्यार्थी यांच्यासाठी येथे सांगायचे आहे.

एक मर्यादा आधीच स्पष्ट केलेली बरी. हिवताप आहे की नाही, हे पांढऱ्या पेशींच्या आकड्यांवरून कधीही ठरत नाही. ते काचपट्टीवरून किंवा जलद निदान किटवरून ठरते, आणि उपचार डॉक्टरच ठरवतात. पांढऱ्या पेशी त्या निदानाचा अर्थ लावायला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत.

एकूण संख्येपासून सुरुवात

अहवालावर ‘टीएलसी’ किंवा ‘टोटल काउंट’ या नावाने येणारा आकडा प्रथम पाहावा. कुठे तो प्रति मायक्रोलिटर लिहिलेला असतो, कुठे प्रति घन मिलिमीटर; दोन्ही मापे एकच आहेत, त्यामुळे गोंधळून जाण्याचे कारण नाही. निरोगी प्रौढात हा आकडा साधारणपणे ४,००० ते ११,००० या दरम्यान असतो. न्यूमोनिया किंवा पू धरलेले गळू अशा जिवाणूंच्या आजारात तो सहसा वाढतो. हिवतापात मात्र तो बहुतेक वेळा सामान्य राहतो किंवा खाली येतो, आणि याचे मुख्य कारण पेशी मेल्या हे नसते. अनेक पेशी वाहत्या रक्तातून निघून पाणथरीत (प्लीहेत) आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगत गेलेल्या असतात. सुईने काढलेल्या नमुन्यात त्या येतच नाहीत.

म्हणून ‘काउंट नॉर्मल आहे, म्हणजे जंतुसंसर्ग नाही’ हे वाक्य हिवतापाच्या बाबतीत साफ चुकीचे आहे, आणि ते ऐकून दोन दिवस घरी थांबणे धोक्याचे ठरू शकते. उलट, हिवताप सिद्ध झालेल्या रुग्णाचा एकूण आकडा बराच वाढलेला असेल तर तो डॉक्टरांच्या नजरेस मुद्दाम आणून द्यावा; कारण अशी वाढ गंभीर आजारात किंवा सोबत जिवाणूंचा दुसरा संसर्ग झाला असताना दिसते. आकडा कमी आला म्हणून तो हिवतापच, असेही म्हणता येत नाही. डेंग्यूत आणि टायफॉइडमध्येही पांढऱ्या पेशी घटतात आणि डेंग्यूत प्लेटलेटही उतरतात. सीबीसीच्या कागदावर पावसाळ्यातले हे तीन आजार एकमेकांसारखे दिसतात; त्यांना वेगळे करण्यासाठी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी लागते.

टक्केवारीवर न थांबता प्रत्यक्ष संख्या काढावी

एकूण आकड्याखाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल या पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते. सर्वांत जास्त चुका येथे होतात, कारण टक्केवारी ही एकमेकांच्या तुलनेतली गोष्ट आहे. एक काल्पनिक अहवाल घेऊ. एकूण पेशी ३,६००, न्यूट्रोफिल ७४ टक्के, लिम्फोसाइट १५ टक्के, मोनोसाइट १० टक्के, इओसिनोफिल १ टक्का. ७४ या आकड्यासमोर यंत्राने ‘वाढलेले’ अशी खूण केलेली असते आणि ती पाहून घरात कोणीतरी जिवाणूंचा संसर्ग असल्याचे सांगून अँटिबायोटिक सुरू करण्याचा आग्रह धरते. आता गुणाकार करून पाहावा. ३,६०० चे ७४ टक्के म्हणजे २,६६४. न्यूट्रोफिलची ही संख्या अगदी सामान्य आहे. ३,६०० चे १५ टक्के म्हणजे ५४०. प्रौढात लिम्फोसाइट साधारण १,००० च्या वर असायला हवेत. न्यूट्रोफिल वाढलेलेच नाहीत, लिम्फोसाइट उतरले आहेत आणि त्यामुळे न्यूट्रोफिलचा वाटा मोठा दिसतो आहे.

हिवतापाच्या तीव्र काळात लिम्फोसाइट असे उतरणे नेहमीचे आहे, आणि योग्य औषध सुरू झाले की काही दिवसांत ते परत येतात. कित्येक अहवालांवर ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असे लिहून ही प्रत्यक्ष संख्या वेगळी छापलेली असते. तेव्हा तीच वाचावी. छापलेली नसेल तर एकूण संख्येला टक्क्यांनी गुणून १०० ने भागावे.

कोणती पेशी कुठे लढते, हे परजीवीच्या वाटेने समजून घ्यावे

पाच नावे पाठ करण्यापेक्षा परजीवी ज्या वाटेने शरीरात शिरतो त्या वाटेने गेल्यास प्रत्येक पेशीचे काम आपोआप लक्षात राहते. अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर स्पोरोझोईट नावाचे सूक्ष्म परजीवी त्वचेत उतरतात आणि रक्तावाटे यकृताकडे जातात. यकृतातील मोजक्या पेशींत शिरून ते तेथे वाढतात. फॅल्सिपेरम जातीत हा काळ साधारण आठवड्याभराचा असतो. या काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही.

यकृतातील पेशीला केंद्रक असते. केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक व्यवस्था असते: आत जी प्रथिने तयार होतात त्यांचे तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. सीडी-८ प्रकारचे टी-लिम्फोसाइट हे तुकडे तपासत फिरतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशी आतल्या परजीवीसकट मारतात. म्हणजे यकृताच्या टप्प्यात परजीवी या लिम्फोसाइटना सापडू शकतो. अडचण वेळेची आणि संख्येची आहे: अब्जावधी पेशींच्या यकृतात बाधित पेशी थोड्या, आणि त्या शोधायला दिवसही थोडे.

यकृतातून बाहेर पडलेला परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, आणि मला हा सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू वाटतो. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसते, आणि आतले तुकडे बाहेर मांडण्याची ती व्यवस्थाही जवळपास नसते. परिणामी, विषाणूंविरुद्ध इतके प्रभावी असलेले सीडी-८ लिम्फोसाइट बाधित तांबड्या पेशीशेजारून जातात आणि त्यांना आत काय आहे ते कळत नाही. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती गोवरासारखी एकदा आजार होऊन कायमची का मिळत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग येथे आहे. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी कोवळ्या तांबड्या पेशींत, म्हणजे रेटिक्युलोसाइटमध्ये शिरतो आणि त्या पेशींवर ही व्यवस्था थोडी शिल्लक असते. त्यामुळे त्यांना सीडी-८ लिम्फोसाइट मारू शकतात, असे २०१८ च्या सुमारास दिसून आले. फॅल्सिपेरमच्या बाबतीत मात्र रक्तातल्या लढाईचा भार इतरांवर पडतो.

हे इतर म्हणजे बी-लिम्फोसाइट, सीडी-४ टी-लिम्फोसाइट आणि भक्षक पेशी. बी-लिम्फोसाइटपासून तयार होणाऱ्या पेशी प्रतिपिंडे सोडतात. ही प्रतिपिंडे परजीवीला नव्या तांबड्या पेशीत शिरताना अडवतात आणि बाधित पेशींवर चिकटून भक्षक पेशींना त्या ओळखू देतात. सीडी-४ लिम्फोसाइट बी-लिम्फोसाइटना मदत करतात आणि इंटरफेरॉन गॅमा हे संदेश-द्रव्य सोडून मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशींना, अधिक कार्यक्षम करतात. रक्तातल्या टप्प्यात प्रतिपिंडांना किती महत्त्व आहे, याचा पुरावा १९६१ साली गॅम्बियातून आला: तेथे वर्षानुवर्षे हिवतापाला तोंड दिलेल्या प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी मुलांना दिली, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले.

तापाची हुडहुडी हेही पांढऱ्या पेशींचेच काम आहे. फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स दर ४८ तासांच्या सुमारास तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात. त्या वेळी रक्तात सांडणारे पदार्थ ओळखून मोनोसाइट आणि मॅक्रोफेज टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही संदेश-द्रव्ये सोडतात, ती मेंदूतील तापमान-नियंत्रण वर ढकलतात आणि माणूस कुडकुडू लागतो. जुन्या लोकांच्या बोलण्यातला एकांतरा ताप, म्हणजे एक दिवस सोडून येणारा ताप, याच चक्रातून येतो; मात्र आजाराच्या पहिल्या दिवसांत आणि फॅल्सिपेरममध्ये ताप इतका नियमित असेलच असे नाही, त्यामुळे ‘रोज ताप येतो, म्हणजे हिवताप नाही’ असे मानू नये. हीच संदेश-द्रव्ये प्रमाणाबाहेर गेली तर मेंदू, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांना इजा होण्यात त्यांचाही वाटा असतो. तीव्र हिवतापात ‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी’ म्हणून विकले जाणारे काढे आणि गोळ्या देण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. त्या वेळी परजीवी मारणारे औषध लवकर मिळणे हीच रुग्णाची गरज असते.

पाणथरीकडे दुर्लक्ष करू नये

अहवालावर पाणथरीचा उल्लेख नसतो, पण पांढऱ्या पेशींचे सर्वांत मोठे काम तेथे चालते. पाणथरीतून जाताना रक्ताला अतिशय अरुंद फटींतून वाट काढावी लागते. निरोगी तांबडी पेशी लवचीक असल्याने ती सहज पार होते. परजीवीने ताठ केलेली पेशी अडकते आणि तेथील मॅक्रोफेज तिला गिळतात. या कामामुळे पाणथरी सुजून मोठी होते, आणि एखाद्या गावात हिवताप किती मुरला आहे हे मुलांच्या वाढलेल्या पाणथरी मोजून ठरवण्याची पद्धत पूर्वी होती. वाढलेली पाणथरी नाजूक असते. हिवतापाच्या रुग्णाचे पोट चोळू नये आणि बरे झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर त्याने जड ओझी आणि अंगाला धक्का देणारे खेळ टाळावेत. शस्त्रक्रियेत पाणथरी काढलेली असेल, तर तापाच्या पहिल्याच दिवशी ते डॉक्टरांना सांगावे, कारण अशा माणसात हिवताप फार वेगाने गंभीर होऊ शकतो.

फॅल्सिपेरमचा परजीवी ही पाणथरी टाळण्यासाठी बाधित तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणतो आणि ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटवून ठेवतो. लिम्फोसाइटनी या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की तो प्रथिनच बदलतो. त्याच्या जनुकसंचात या प्रथिनाचे सुमारे ६० पर्याय असतात, आणि ते सर्व परजीवींत सारखेही नसतात. शरीराला एकेक वेष ओळखत जावे लागते आणि त्याला कित्येक वर्षे आणि कित्येक आजारपणे लागतात.

काचपट्टीवर परजीवी मोजताना पांढरी पेशी हेच माप

हा भाग मुख्यतः तंत्रज्ञ विद्यार्थ्यांसाठी आहे, पण आकडा कुठून येतो हे कोणालाही समजण्यासारखे आहे. काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब घेऊन जेएसबी किंवा गिम्सा रंगाने रंगवताना तांबड्या पेशी फुटून जातात. मागे उरतात त्या पांढऱ्या पेशींची केंद्रके आणि परजीवी. थेंब किती जाड पसरला आहे हे ठाऊक नसल्याने नुसते परजीवी मोजून उपयोग नसतो. म्हणून पांढऱ्या पेशींना माप मानतात. २०० पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत दिसलेले अलैंगिक परजीवी मोजावेत. ते १०० किंवा त्याहून अधिक असतील तर तेथे थांबावे. कमी असतील तर ५०० पांढऱ्या पेशी होईपर्यंत पुढे मोजावे. फॅल्सिपेरमचे चंद्रकोरीसारखे गॅमेटोसाइट, म्हणजे परजीवीची लैंगिक रूपे, या मोजणीत मिसळू नयेत, त्यांची नोंद वेगळी करावी. मग परजीवींच्या संख्येला एक मायक्रोलिटर रक्तातील पांढऱ्या पेशींच्या संख्येने गुणावे आणि मोजलेल्या पांढऱ्या पेशींच्या संख्येने भागावे.

रुग्णाची सीबीसी हाताशी नसेल तेव्हा पांढऱ्या पेशी ८,००० धरण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. २०० पेशींमागे ३२० परजीवी दिसले तर ३२० गुणिले ८,००० भागिले २००, म्हणजे प्रति मायक्रोलिटर १२,८०० परजीवी. पण हिवतापात पांढऱ्या पेशी उतरतात हे आपण वर पाहिले. त्याच रुग्णाच्या पांढऱ्या पेशी प्रत्यक्षात ४,००० असतील तर खरा आकडा ६,४०० निघतो, बरोबर निम्मा. म्हणून सीबीसी झालेली असेल तर तीच संख्या वापरावी आणि कोणती संख्या वापरली हे अहवालावर लिहावे. पहिल्या दिवशी ८,००० धरून आणि तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष संख्या धरून काढलेले दोन आकडे शेजारी ठेवले तर औषध लागू पडते आहे की नाही, याविषयीच गैरसमज होतो. हा दोष मी गंभीर मानतो, कारण तो टाळायला एक ओळ लिहिणे पुरेसे असते.

पांढरी पेशी पाहताना तिच्या आतही पाहावे. परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन पचवतो आणि उरलेल्या ‘हीम’चे, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भागाचे, हिमोझोइन नावाच्या काळपट तपकिरी रंगद्रव्यात रूपांतर करतो. मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल हे रंगद्रव्य गिळतात आणि त्यांच्यात काळपट कण दिसू लागतात. एका अर्थाने हिवतापाच्या परजीवीचा शोध याच कणांमुळे लागला. हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तातील काळे कण बाळगणाऱ्या पेशी म्हणजे रंगद्रव्य गिळलेल्या पांढऱ्या पेशीच, अशी समजूत होती. अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे अल्फोन्स लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना ६ नोव्हेंबर १८८० रोजी त्यांतील एका कायेतून वळवळणारे तंतू निघताना दिसले आणि ती पांढरी पेशी नसून स्वतंत्र जीव आहे हे त्यांनी ओळखले. १९०७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

हे कण शोधण्याचे आजही दोन उपयोग आहेत. गंभीर फॅल्सिपेरममध्ये न्यूट्रोफिलपैकी ५ टक्क्यांहून अधिक पेशींत रंगद्रव्य दिसणे हे वाईट लक्षण मानतात. तशी नोंद अहवालावर ठळक करावी. दुसरे म्हणजे, रुग्णाने औषधाच्या गोळ्या आधीच घेतल्या असतील तर परजीवी दिसत नाहीत पण मोनोसाइटमधील रंगद्रव्य आणखी काही दिवस राहते, आणि नुकत्याच होऊन गेलेल्या हिवतापाचा तो माग असतो.

विडाल चाचणीविषयी सावधगिरी

हिवताप सिद्ध झालेल्या रुग्णाला ‘सोबत टायफॉइडही आहे’ असे सांगितले जाण्याचा अनुभव महाराष्ट्रात अनेक घरांना आहे. यामागे पुष्कळदा टायफॉइडविरुद्धची प्रतिपिंडे पाहणारी विडाल चाचणी असते. हिवतापात बी-लिम्फोसाइट सरसकट चेतवले जातात आणि परजीवीशी संबंध नसलेली प्रतिपिंडेही रक्तात वाढतात. त्यामुळे टायफॉइड नसताना विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. दोन्ही आजार खरोखरच एकत्र असू शकतात, म्हणून संशय उडवून लावू नये. पण खात्रीसाठी अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

उपचारानंतर काय पाहावे

लिम्फोसाइट आणि प्लेटलेट परत वर येणे ही चांगली खूण आहे. शिरेतून आर्टेसुनेट दिलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन मात्र पुढचे चार आठवडे अधूनमधून तपासून घ्यावे. या औषधाने मेलेला परजीवी पाणथरी तांबड्या पेशीतून अलगद उपसून काढते आणि पेशी रक्तात परत सोडते. अशा पेशींचे आयुष्य कमी असते आणि त्या एक ते तीन आठवड्यांनी एकदम फुटू शकतात. फॅल्सिपेरम ओळखणारे जलद किट औषधानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून बरे झाल्याची खात्री त्याच्यावर करू नये, काचपट्टीवर करावी.

या प्रतिकारशक्तीवर किती भरवसा ठेवावा

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या प्रौढाच्या रक्तात परजीवी असूनही त्याला ताप नसतो, असे आढळते. त्याच्या लिम्फोसाइटनी परजीवीचे बरेच वेष ओळखलेले असतात. ते परजीवीला पूर्ण मारत नाहीत, संख्या आटोक्यात ठेवतात. पण ही शक्ती सततच्या संपर्कावर टिकते. तोच माणूस काही वर्षे पुण्या-मुंबईत राहून गावी परतला, तर त्याने स्वतःला सुरक्षित समजू नये. पहिल्या खेपेच्या गर्भवतीच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते: फॅल्सिपेरम वारेला चिकटण्यासाठी एक वेगळेच प्रथिन वापरतो आणि ते तिच्या शरीराने पूर्वी कधी पाहिलेलेच नसते. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाला पहिले काही महिने आधार देतात, पुढे तो आधार संपतो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ लसीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली. ती स्पोरोझोईटच्या पृष्ठभागावरील प्रथिनाविरुद्ध बी-लिम्फोसाइटना तयार करते, म्हणजे परजीवी तांबड्या पेशीत लपण्याच्या आधीच त्याला गाठते. ती मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी आणि फॅल्सिपेरमविरुद्ध आहे; मुंबईत नेहमी आढळणाऱ्या व्हायव्हॅक्सपासून ती संरक्षण देत नाही. नायजेरिया किंवा टांझानियात नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी माणसाच्या पेशींना तेथील फॅल्सिपेरमची ओळख नसते, म्हणून त्याने प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, मच्छरदाणी सोडू नये, आणि परतल्यावर कित्येक आठवड्यांनी ताप आला तरी आपण कुठे राहिलो होतो हे पहिल्याच वाक्यात सांगावे. पहिली काचपट्टी निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने दुसरी, आणि लागल्यास तिसरी काचपट्टी मागून घ्यावी, मग सीबीसीतील पांढऱ्या पेशींचा आकडा कितीही नेहमीसारखा दिसत असला तरी.